बी बाजू

आगोटीची कामं सुरू झाली की आमच्या खळ्यात उन्हाला जागा पुरत नाही. एका अंगाला आमसुलं, दुसऱ्या अंगाला फणसपोळी, मधे मिरच्या आणि कुळीथ. आणि पडवीच्या कडेला, जिथे ऊन नुसतं टेकतं पण भाजत नाही अशा पट्टीवर, जुन्या लुगड्याच्या धडप्यावर मांडलेल्या माझ्या कॅसेटी. वेळणेश्वरची हवा लोखंडाला सोडत नाही, ती टेपच्या फितीला काय सोडणार! चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खारा वारा. फितीच्या गुंडाळीवर आधी कडेकडेने पांढरे ठिपके येतात, मग त्यांची जाळी होते, आणि कॅसेटच्या इवल्याशा खिडकीतून आत पाहिलं तर तपकिरी रंग शोधावा लागतो.

अशी कॅसेट तशीच लावली तर वरचे सूर आधी जातात. झांजा जातात, मग शब्दांमधले स आणि श जातात, मग गिटारची धार जाते. ढोल आणि बेस तेवढे शेवटपर्यंत तग धरतात. उपाय एकच. पाठीमागचे पाच बारीक स्क्रू काढायचे, झाकण उचलायचं, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावायचं आणि सहा कोनांची पेन्सिल चक्रात अडकवून फीत त्या बोळ्यातून हळूहळू ओढत न्यायची. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये साधारण नव्वद मीटर फीत असते. आईची आमसुलं रसात बुडवून पुन्हा उन्हात जाईपर्यंत, म्हणजे एक पूट चढेपर्यंत, माझी एक कॅसेट पुसून होते. आईला हा उद्योग कधी कळला नाही, पण तिने तो कधी हलवलाही नाही. फक्त एवढंच म्हणायची, ‘आमसुलांना स्पिरिटचा वास लागला तर बघ.’

यातल्या बहुतेक कॅसेटी एकाच बँडच्या आहेत. क्वीन. फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन. पहिला आल्बम १९७३ सालचा आणि चौघांचा म्हणून निघालेला शेवटचा १९९५ सालचा, तोही फ्रेडी गेल्यानंतर चार वर्षांनी.

या घरात क्वीन आणली ती बापूदादाने. माझा चुलतभाऊ. मुंबईला गोदीत होता. गणपतीला आणि मे महिन्यात तो उतरला की त्याच्या बॅगेत वर खाऊ आणि तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कॅसेटी, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेल्या. ते दुकान २०१६ साली बंद झालं. मी त्याची पायरी कधी चढलो नाही, पण त्यांची एक पिशवी आमच्या माजघरात खिळ्याला टांगलेली होती आणि तिच्यात रेशनकार्ड असायचं. बापूदादाने आणलेली क्वीनची पहिली कॅसेट म्हणजे ‘ग्रेटेस्ट हिट्स’, १९८१ चा संग्रह. ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला आल्बम हाच. आणि मला विचाराल तर या बँडचं जे काही नुकसान झालं ते याच संग्रहाने केलं. गाणी एकेक लाखमोलाची, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती कुणाच्या शेजारी जन्मली, कुणाशी भांडून आल्बममध्ये शिरली, याचा पत्ता लागत नाही. जो तो वर मान करून उभा. अर्ध्याहून अधिक जगाला क्वीन एवढीच ठाऊक आहे.

आमचं घर चौघांच्या सामायिकातलं. आजोबांना चार मुलगे. वाटण्या झाल्या तेव्हा खोल्या वाटल्या गेल्या, माड मोजून वाटले गेले, पोफळी ओळीने वाटल्या गेल्या. ओटी, विहीर आणि देवघर तेवढं सामायिक राहिलं. एका काकांच्या खोलीत रेडिओ दुरुस्तीचा पसारा, दुसऱ्यांच्या खोलीत खताची पोती आणि पंचांगं, तिसऱ्यांकडे हार्मोनियम. चार चुलींचा धूर एकाच कौलारातून बाहेर पडायचा. बाहेरच्या माणसाला घर एक दिसे. आतल्या माणसाला दाराशी उभं राहिलं की वासावरून खोली कुणाची ते कळे. क्वीनचे आल्बम मला उमगले ते या घरात वाढलो म्हणून, असं माझं पक्कं मत आहे. समीक्षकांनी त्यांच्यावर जो ठपका वर्षानुवर्षं ठेवला, की या आल्बमांत एकसूत्रीपणा नाही, इथे ऑपेरा आहे, तिथे रॉकॅबिली, मधेच विसाच्या दशकातलं इंग्लिश नाटकगृहाचं गाणं, तो ठपका वाचून मला हसू यायचं. एकसूत्रीपणा हवा तर एकट्याने राहावं.

कारण चौघंही गाणी लिहिणारे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ फ्रेडीचं, ‘वुई विल रॉक यू’ ब्रायनचं, ‘रेडिओ गा गा’ रॉजरचं आणि ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ जॉनचं. चौघांपैकी प्रत्येकाच्या नावावर जगभर गाजलेलं किमान एक गाणं आहे, असा दुसरा बँड चटकन डोळ्यांपुढे येत नाही. आता चौघं लिहिणारे म्हटल्यावर हिस्से आलेच. ज्याचं गाणं त्याची रॉयल्टी. आणि सिंगल रेकॉर्डच्या पाठीमागे ज्याचं गाणं, त्यालाही पुढच्याइतकेच पैसे. १९७५ साली ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ निघाली, नऊ आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिली, आणि तिच्या पाठीवर रॉजरचं ‘आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार’ होतं. स्वतःच्या मोटारीवर लट्टू झालेल्या माणसाचं गाणं. ते पाठीवर घ्या म्हणून रॉजर कपाटात शिरून बसला होता असा किस्सा सांगतात. लोकांनी ऱ्हॅप्सडी विकत घेतली आणि मोटारवाल्याचे खिसे तितकेच भरले. यावरून या चौघांत पुढे बरीच वर्षं धुसफूस चालली. हे वाचलं त्या दिवशी मला आमच्या विहिरीकडेच्या माडाची आठवण झाली. तो कुणाच्या वाटणीत आला होता आणि त्याचे नारळ कोण उतरवून नेत होतं, यावर दोन काका एका पंगतीत बसून एकमेकांशी बोलत नसत.

सगळ्यांत मोठा आल्बम कुठला यावर क्वीनच्या चाहत्यांत एकमत जवळजवळ ठरलेलं आहे: ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’. माझा हात मात्र प्रत्येक वेळी ‘क्वीन टू’ कडे जातो. मार्च १९७४. या आल्बमच्या बाजूंना त्यांनी ए आणि बी म्हटलंच नाही. एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी बाजू बहुतेक ब्रायनची, शेवटचं एक गाणं तेवढं रॉजरचं. काळी बाजू आख्खी फ्रेडीची. जॉन तेव्हा सगळ्यांत धाकटा, अजून त्याच्या नावावर काही चढलेलं नव्हतं. वर मिक रॉकने काढलेला तो फोटो, अंधारातून वर आलेले चार चेहरे, फ्रेडीचे हात छातीवर फुलीसारखे. मार्लीन डीट्रिशच्या एका जुन्या फोटोवरून घेतलेली ही ढब. पुढे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या चित्रफितीत हेच चेहरे हलू लागले आणि जगाने ते ओळखले, पण जन्म त्यांचा इथला.

काळी बाजू सुरू होते तीच उलट्या आवाजाने. ‘ओगर बॅटल’चा शेवट उलटा फिरवून सुरुवातीला जोडलेला आहे, म्हणजे आवाज विझण्याऐवजी कुठूनसा आत ओढला जातो. पहिल्यांदा लावली तेव्हा धाकटी काकू स्वयंपाकघरातून ओरडली, ‘टेप गिळतोय बघ फीत!’ मग राक्षसांची लढाई, आणि तिच्या पाठोपाठ एक दम न घेता ‘द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक’. हे गाणं म्हणजे एक चित्र आहे. रिचर्ड डॅड नावाचा व्हिक्टोरियन काळातला चित्रकार वेडाच्या भरात वडिलांचा खून करून बसला आणि लंडनच्या वेड्यांच्या इस्पितळात बंद झाला. तिथे १८५५ ते १८६४ अशी नऊ वर्षं तो एकच चित्र रंगवत राहिला. गवताच्या पात्यांआडून दिसणारी बारीक बारीक माणसं, पऱ्या, गाडीवान, आणि मधोमध कुऱ्हाड उगारून उभा असलेला लाकूडतोड्या. चित्र तसं लहान, दोन हातांत सहज धरता येईल एवढं. ते आता टेट संग्रहालयात आहे. फ्रेडीने बाकीच्यांना ते दाखवायला नेलं आणि चित्रातला एकेक जीव गाण्यात उतरवला. अडीच-पावणेतीन मिनिटांत इतकी गर्दी कुणी कोंबलेली मी ऐकलेली नाही. हार्पसिकॉर्ड कडकडत असतो, डाव्या कानात एक आवाज कुजबुजतो, उजव्या कानात दुसरा त्याला उत्तर देतो. आमच्या टेपरेकॉर्डरला एकच स्पीकर होता, त्यामुळे कित्येक वर्षं ही सगळी माणसं माझ्याकडे एकाच दारातून आत आली आणि दाराशीच चेंगरली. पुढे हेडफोन मिळाले तेव्हा ती कुठे कुठे बसलेली आहेत ते कळलं.

आणि ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’. साडेसहा मिनिटांचं, एका जागी न टिकणारं गाणं. ऱ्हॅप्सडीत जे जे आहे ते सगळं इथे दीड वर्ष आधी येऊन गेलेलं आहे: चालींची अचानक वळणं, थरावर थर चढवलेले आवाज, मधेच हळवं होणं आणि त्या हळवेपणाची लगेच टिंगल करणं. फक्त शिस्त नाही. ऱ्हॅप्सडी मला थोडी धाकट्या, गुणी बहिणीसारखी वाटते, जिला पाहायला लोक आले तेव्हा थोरलीला आतल्या खोलीत बसवलं. माझा कल थोरलीकडे.

‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’बद्दल तक्रार आहे असं नाही. नाव मार्क्स बंधूंच्या १९३५ च्या विनोदी चित्रपटावरून घेतलेलं, हेच मुळात मला आवडतं. ऑपेराचा मान ठेवायचा आणि त्याची मिशीही ओढायची. संगीत नाटकं जिने पाहिली त्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या बाजूच्या उत्सवांत रात्रभर चालणाऱ्या नाटकात धैर्यधराने पदाची तान घेतली की वन्समोअर यायचा, तो तलवार म्यानातून काढलेल्या हाताने पुन्हा पहिल्यापासून पद म्हणायचा, आणि शत्रू तोवर उभा. गोष्ट थांबली म्हणून कुणाचं काही बिघडत नसे. फ्रेडीलाही गोष्ट थांबवायचं भय नव्हतं. ऱ्हॅप्सडीच्या मधल्या भागासाठी त्यांनी तिघांचेच आवाज इतक्या वेळा एकावर एक चढवले की फीत हेडवरून फिरून फिरून झिजली आणि उजेडाकडे धरली तर आरपार दिसू लागली, असं ब्रायन मे सांगतो. झिजलेल्या फितीचं दुःख मला चांगलं ठाऊक आहे. पण माझी झिजते बुरशीने आणि त्यांची झिजली सुरांनी, हा फरक मान्य करायला हवा.

त्या आल्बममधलं मला सर्वांत जवळचं गाणं मात्र ब्रायनचं, ‘थर्टीनाइन’. वरवर ऐकलं तर खलाशांचं लोकगीत. गिटार, मागे जॉनने वाजवलेला मोठा उभा बेस, पाय ठेक्यात आपसूक हलतात. पण यातलं जहाज अवकाशात जातं. नवी भूमी शोधायला गेलेली माणसं वर्षभराने परत येतात, आणि इथे शंभर वर्षं होऊन गेलेली असतात. आइन्स्टाइनचा काळ असा एका नाचऱ्या चालीत बसवलेला. ब्रायन मुळात खगोलभौतिकीचा विद्यार्थी. बँडपायी सुटलेली पीएच.डी. त्याने २००७ साली पुरी केली, सूर्याभोवती फिरणाऱ्या धुळीवर. कोकणात हे गाणं कळायला भौतिकी लागत नाही. बापूदादाला ते कधी आवडलं नाही. ‘लेझीम चाललीय नुसती,’ म्हणायचा आणि पुढे सरकवायचा. मग तो निवृत्त होऊन कायमचा गावी आला. पाखाडीवर सिमेंट पडलं होतं, गडगे पडून चिऱ्याच्या भिंती उठल्या होत्या, आणि ज्यांच्याबरोबर तो पुळणीवर आट्यापाट्या खेळला त्यांतले निम्मे त्याला नावाने हाक मारायला उरले नव्हते. शाळेतली पोरं त्याला आजोबा म्हणू लागली. एका संध्याकाळी त्याने आपण होऊन हे गाणं लावायला सांगितलं. संपल्यावर म्हणाला, ‘चाल तशी बरी आहे.’ आणि गुरांना पाणी दाखवायला उठला.

कुठला आल्बम कधी ऐकावा याचंही आमच्याकडे एक पंचांग आहे. पावसाळ्यात समुद्राची गाज इतकी वाढते की हळू गाणी ऐकूच येत नाहीत. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’मधली ब्रायनने वाजवलेली हार्प जून ते सप्टेंबर अस्तित्वात नसते. तेव्हा ‘शिअर हार्ट अ‍ॅटॅक’ लावावा, तो दांडगा आहे. थंडीत, समुद्र मागे सरकून निवांत झाला की ‘अ डे अ‍ॅट द रेसेस’. महाशिवरात्रीच्या जत्रेत काहीही लावू नये, कर्ण्यांपुढे कुणाचंच चालत नाही.

‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’चं, म्हणजे १९७७ चं, भाग्य विचित्र आहे. त्याची पहिली दोन गाणी जगातल्या प्रत्येक मैदानाने पळवली आणि बाकीचा आल्बम अनाथ झाला. ‘वुई विल रॉक यू’त ड्रम नाहीत. लंडनच्या एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या स्टुडिओत फळ्यांवर पाय आपटून आणि टाळ्या वाजवून ते उभं केलं. ब्रायनने प्रत्येक थर किती उशिराने वाजावा याचं गणित मांडलं आणि ती अंतरं मूळ संख्यांच्या पटीत ठेवली, म्हणजे नुसता प्रतिध्वनी न होता मोठा जमाव जवळपास उभा आहे असं वाटावं. आमच्या तालुक्यात गणपतीत जाखडी रंगते. गोलात फिरणारी पोरं, एका पायात चाळ, मधे ढोलकी आणि शक्ती-तुऱ्याचे सवाल-जबाब. एका वर्षी पोरांनी दम खायला थांबल्यावर चाळांच्या पायाने तोच ठेका धरला, दोनदा पाय, एकदा टाळी. क्रिकेटच्या सामन्यांतून शिकलेला. म्हातारे बुवा ढोलकी मांडीवर घेऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘याच्यापुढे काय आहे?’ पुढे काय आहे ते पोरांना ठाऊक नव्हतं. प्रश्न मात्र नेमका होता. पुढे ‘स्प्रेड युवर विंग्ज’ आहे, झाडू मारणाऱ्या एका गरीब पोराचं, जॉनने लिहिलेलं. पुढे ‘इट्स लेट’ आहे. आणि अगदी शेवटी ‘माय मेलन्कली ब्लूज’, पियानो, बेस आणि ड्रमवर ब्रश, गिटार नाहीच. रात्री उशिरा माणसं उठून गेलेल्या जागी फ्रेडी स्वतःशीच गातोय. मैदानांनी ते नेलं नाही हे बरं झालं.

मराठीत क्वीनवर कुणी दोन ओळी लिहिल्या की त्यांतली पहिली पाचगणीची असते. बरोबरच आहे. १९४६ साली झांजिबारला पारशी घरात जन्मलेला फारूख बलसारा आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला, तिथेच त्याचा फ्रेडी झाला, आणि तिथेच त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा पाच पोरांचा बँड केला. त्या पाचांपैकी एक पुढे नेपाळच्या सैन्यात सेनाधिकारी झाला, एक इंग्लंडच्या टीव्हीवर नट झाला, एकाने पुण्यात सिझलर्सचं हॉटेल काढलं. आणि एकाचं हे असं झालं. सह्याद्रीच्या त्या अंगाला पाचगणी, या अंगाला आम्ही, मधे घाट. पण या अभिमानात मी फारसा पडत नाही, कारण आल्बमांत पाचगणी शोधायला गेलं तर हाताला काही लागत नाही. ना राग, ना सतार, ना तबला. जॉर्ज हॅरिसन लिव्हरपूलचा आणि त्याच्या गाण्यात सतार. फ्रेडी लहानपणी लताबाई ऐकत वाढला असं सांगतात आणि त्याच्या गाण्यात त्याचा मागमूस नाही. ‘जॅझ’ या आल्बमच्या पहिल्या गाण्यात, ‘मुस्तफा’त, पूर्वेकडचा काहीतरी हुंकार आहे, पण तोही थट्टेने घेतलेला. भारताविषयी तो बोलायचाच कमी.

तरी माझा एक तर्क आहे, तो कुणावर लादत नाही. सेंट पीटर्सच्या गायकवृंदात तो गायचा. आठ वर्षांचं पोर, आईबाप समुद्रापलीकडे, आणि भोवती एका सुरात लागलेले पन्नास आवाज. ‘समबडी टू लव्ह’मध्ये तो, ब्रायन आणि रॉजर असे तिघंच मिळून अख्खं चर्च उभं करतात, आणि त्या गर्दीत एकटा माणूस मोठ्याने विचारतो की माझं असं कुणी आहे का. पाचगणी शोधायचीच तर मी तिथे शोधेन.

१९८० च्या ‘द गेम’पर्यंत त्यांच्या आल्बमवर अभिमानाने छापलेलं असायचं की यात सिंथेसायझर नाही. ऑर्केस्ट्रा वाटतो तो ब्रायनच्या गिटारचा, आणि ती गिटार त्याने वडिलांबरोबर घरी केलेली: मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, पट्टीवरचे पांढरे ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटणांचे. नख म्हणून जुनं सहा पेन्सचं नाणं. मग ‘द गेम’मध्ये सिंथेसायझर आला आणि ती ओळ गेली. त्यानंतरच्या १९८२ च्या ‘हॉट स्पेस’ला सगळे नावं ठेवतात, मीही ठेवतो. ब्रायनला कोपऱ्यात बसवून केलेला आल्बम. शेवटचं ‘अंडर प्रेशर’ नसतं तर ती कॅसेट मी पुसली नसती, बुरशीला देऊन टाकली असती. ‘द वर्क्स’ आणि ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ यांच्याबद्दल मला फार काही म्हणायचं नाही. चांगली गाणी आहेत, घर नाही.

१९८९ च्या ‘द मिरॅकल’वर मात्र थांबायला हवं. या आल्बमपासून चौघांनी ठरवलं की आता गाणं कुणीही लिहो, नाव क्वीनचं लागेल, पैसे सारखे वाटले जातील. वर चित्रही तसंच: चौघांचे चेहरे एकमेकांत मिसळून एकच चेहरा, डोळे सगळ्यांचे. वाचायला हे फार छान वाटतं. फ्रेडीचा आजार घरात सगळ्यांना कळलेला होता, त्यामुळे हिशेब मिटवणं समजतंही. पण ऐकताना मला खोलीचा वास येत नाही. गाणं कुणाचं ते आपल्याला ओळखू येऊ नये याची काळजी घेतलेली जाणवते. आमच्याकडे शेवटी विहिरीकडेचा तो माड वादळात पडला आणि वाद आपोआप मिटला. त्यानंतर दोघे काका ओटीवर शेजारी बसू लागले, पण बोलायला त्यांच्याकडे विषय राहिला नाही.

‘इन्युएंडो’ १९९१ च्या फेब्रुवारीत निघाला आणि फ्रेडी त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला गेला. लोक हा आल्बम रडत ऐकतात. मला तो त्यांचा काळ्या बाजूनंतरचा सगळ्यांत मस्तीखोर आल्बम वाटतो. शीर्षकगीतात मधेच स्पॅनिश गिटार घुसते, ती ‘येस’ बँडच्या स्टीव्ह हाउची. आणि फ्रेडी एक अख्खं गाणं आपल्या मांजरीवर गातो. उभं राहणं कठीण झालेला माणूस मांजरीवर गाणं रेकॉर्ड करतो याहून मोठं धाडस मला ‘द शो मस्ट गो ऑन’मध्येही सापडत नाही. ‘मेड इन हेवन’ तो गेल्यावर राहिलेल्या तिघांनी त्याच्या मागे उरलेल्या आवाजाभोवती बांधला. त्यात ‘अ विंटर्स टेल’ आहे, स्वित्झर्लंडच्या सरोवराकाठी खिडकीतून जे दिसलं ते सांगणारं. हे एक गाणं मात्र मी पावसाळ्यातही लावतो. ऐकू आलं नाही तरी लावतो.

मग जॉन डीकनने खोली बंद केली. १९९७ नंतर तो त्यांच्याबरोबर पुन्हा वाजवायला आला नाही. भांडला नाही, बोलला नाही, हिस्सा सोडला नाही, फक्त येणं थांबवलं. ब्रायन आणि रॉजर पुढेही दुसरे गायक घेऊन दौरे करत राहिले आणि त्यांना क्वीन म्हणत राहिले. ते बरोबर की चूक यावर चाहते हातघाईवर येतात. मी येत नाही. आमच्या घरात एका खोलीला कुलूप आहे, किल्ली ठाण्याला. तिच्या कौलांची शाकारणी आम्ही दर मे महिन्यात करतो, आणि खर्च कुणी विचारत नाही.

उत्तरेकडच्या खोलीत सध्या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा एक मुलगा भाड्याने राहतो. क्वीनवरचा २०१८ चा सिनेमा पाहिलेला. ‘काका, मला सुरुवात कुठून करू सांगा,’ म्हणाला. मी म्हटलं, ‘क्वीन टू. काळी बाजू. आणि गाणी उलटसुलट करायची नाहीत, आहेत त्या क्रमाने.’ रेंज फक्त विहिरीपाशी मिळते, म्हणून तो तिथे कठड्यावर बसून उतरवून घेत होता. चार दिवसांनी आला तो ‘हॉट स्पेस’ ऐकून. आणि म्हणतो काय, तोच सगळ्यांत चांगला. मी काही म्हणायच्या आत त्याने बेसची एकेक ओळ बोटांनी टेबलावर वाजवून दाखवायला घेतली. डीकनने कचऱ्यात सापडलेल्या सर्किटवरून नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर केला होता आणि ब्रायन तो आल्बमांमागून आल्बम वापरत राहिला, हे त्याने कुठूनसं शोधून काढलंय. आता काकांच्या अडगळीतला जुना रेडिओ उघडून बसलाय. त्याचं म्हणणं असं की सगळ्या आल्बमांतून डीकनची गाणी तेवढी वेगळी काढून एका जागी लावावीत, म्हणजे खरा वाजवणारा कोण ते मला कळेल. मी म्हटलं, वाटण्या या घरात एकदा झाल्या तेवढ्या पुरे. तो ऐकत नाही. आज रात्री ‘जॅझ’ लावायचं ठरलंय. तो आल्बम लोक म्हणतात तितका वाईट नाही यावर दोघांचं एकमत आहे. त्यातलं ‘मुस्तफा’ वगळून सुरुवात करायची की नाही, यावर जेवणं झाली तरी तोडगा निघालेला नाही.